अर्धं वाढलेलं पान

गेल्या वर्षी तुम्ही जिथे फिरायला गेलात, तिथल्या एका तरी माणसाचं नाव तुम्हाला सांगता येईल का? हॉटेलचं नको, धबधब्याचं नको. माणसाचं.

बहुतेकांना येणार नाही. मी परत आल्यापासून ओळखीच्या लोकांना हा प्रश्न विचारते आहे आणि लोक फोन काढून फोटो दाखवायला लागतात. फोटोत डोंगर असतो, ताट असतं, ते स्वतः असतात. ज्याने ताट वाढलं त्याचा हात कधीकधी कडेला दिसतो. कुठलीही चीज विकायला काढली की आधी तिच्यातून माणूस वजा करतात, हे मला घरीच शिकवलं होतं. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पण प्रवासाची आठवण हीसुद्धा विकायची चीज होऊ शकते, हे त्यांतल्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. ते मी जानेवारीत बेंगळुरूला जाऊन पाहिलं.

इंदिरानगर, शनिवार

मी उतरले होते नयनाकडे. नयना माझी कॉलेजातली मैत्रीण, इंदिरानगरात एका कंपनीत काम करते, तिथेच जवळ राहते. तिच्या गल्लीत झाडं इतकी दाट आहेत की दुपारी बारालाही रस्ता सावलीत असतो, आणि त्या सावलीत दर चार पावलांवर एक कॉफीचं दुकान. आमच्या गावात दुपारी बाराला रस्त्यावर फक्त ऊन आणि मागांचा आवाज असतो. मी पहिला अर्धा दिवस नुसती झाडं बघत फिरले. फुटपाथवर एक फरशी उचकटलेली होती, तिच्यात पाय गेला आणि चप्पल तुटली. चांभार शोधला तर मिळेना. नयना म्हणाली, "इथे चप्पल दुरुस्त करत नाहीत गं, नवी मागवतात." मी तिची चप्पल घालून पुढचे दिवस काढले, एक नंबर मोठी.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्यासाठी तुला गिफ्ट आहे. इथे येऊन सगळे सेम गोष्टी बघतात. तुला काहीतरी मेमोरेबल देते."

"काय?"

"लंच. एका जुन्या मराठी फॅमिलीकडे, बनशंकरीला. तीन-चारशे वर्षांपूर्वी इथे आलेले लोक. ॲपवर बुकिंग केलंय."

"म्हणजे पैसे भरून दुसऱ्याच्या घरी जेवायचं. त्याला आमच्याकडे खानावळ म्हणतात."

"खानावळीत तुला कुणी घराण्याची हिस्टरी सांगतं का? हा एक्सपीरियन्स आहे. तू ना, पत्रक काढू नकोस आता याच्यावर."

तिने फोन पुढे केला. अशी घरं, अशा सहली, असे कुंभार आणि विणकर विकणाऱ्या एका कंपनीचं ते ॲप होतं. त्यात एका बाईचा फोटो होता, हिरवी साडी, हातात पितळी पातेलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे जेवण तुम्ही आयुष्यभर विसरणार नाही. त्याखाली तारे. पाचातले साडेतीनच्या आसपास भरलेले.

"रेटिंग लो आहे," नयना म्हणाली, "पण मराठी ऐकायला मिळेल म्हणून घेतलं."

बनशंकरी, रविवार

रिक्षावाल्याने आम्हाला भलत्याच स्टेजला सोडलं. बनशंकरी म्हणजे एक गाव नाही. पहिला स्टेज, दुसरा, तिसरा असे तुकडे आहेत आणि प्रत्येकात तोच क्रॉस, तोच मेन, म्हणजे गल्ल्यांचे आणि रस्त्यांचे आकडेही तेच. देवळाजवळून चालत गेलो. देवळाबाहेर बायका लिंबाच्या फोडी उलट्या करून त्यांत तेलवात लावत होत्या. जमिनीवर ओळीने पेटलेली लिंबं. मी असे दिवे कधी पाहिले नव्हते आणि बराच वेळ उभी राहिले. त्याने आम्हाला उशीर झाला.

घर साधं होतं. सिमेंटचं, एकमजली, पुढे तुळस आणि एक कढीपत्त्याचं झाड. दोन्ही बाजूंना चार-चार मजले उठलेले, त्यामुळे ते घर मधे बसल्यासारखं दिसत होतं. दारात कमलक्का उभ्या होत्या. फोटोतल्याच बाई, पण फोटोतल्यापेक्षा बारीक आणि चष्मा लावलेल्या. साठीच्या अलीकडच्या.

"चुकला काय रस्ता? सगळे चुकतात. आत या की. पाय धुवा."

आधीच एक पुण्याचं जोडपं येऊन बसलं होतं. ते महिनाभरापूर्वी बदली होऊन आले होते. खाली चटया, पुढे केळीची पानं. कमलक्कांनी प्रत्येकाला गाव विचारलं, आडनाव विचारलं, कुलदैवत विचारलं. पुण्याच्या बाईंना कुलदैवत आठवेना. त्या नवऱ्याकडे बघू लागल्या, त्यालाही आठवेना.

"असू दे," कमलक्का म्हणाल्या, "त्याला तुम्ही आठवत असाल."

मग वाढप. कोशिंबीर, तिला त्या कोसंबरी म्हणत. वांग्याची भाजी. नाचणीचा गरम गोळा, तो चावायचा नाही, गिळायचा. आणि पावट्याची आमटी. जानेवारीत त्या गावात पावट्याचा मोसम असतो; वरची साल काढून सोललेला पावटा, त्याला एक वेगळाच उग्र वास. सगळं चांगलं होतं, पण कमी होतं. भाजी दोन घास. आमटी पळीभर. नाचणीचा गोळा लिंबाएवढा. मी सकाळपासून उपाशी होते, त्या गोळ्याचं काय झालं मला कळलंही नाही.

कमलक्का समोर पाटावर बसल्या आणि गप्पा मारू लागल्या. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर आले असं घरात सांगतात. "खरं खोटं आम्हास ठाऊक नाही. पण आले ते परत गेले नाहीत, एवढं खरं." त्यांचं मराठी माझ्या कानाला आधी परकं वाटलं, मग कोल्हापूरकडचं, मग पुन्हा परकं. मधेच स्वल्प म्हणजे थोडं, मधेच सरी म्हणजे बरं. पुण्याचा गृहस्थ म्हणाला, "किती क्यूट मराठी आहे तुमचं." कमलक्का हसल्या नाहीत. "आम्हास तुमचं तसं वाटतं," म्हणाल्या.

सगळ्यांची पानं रिकामी झाली होती. कमलक्का प्रत्येकाच्या पानाकडे बघत होत्या आणि मग तोंडाकडे. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "खूप छान होतं. पुरे, अगदी पोटभर." नवरा म्हणाला, "मस्त." नयनानेही मान हलवली.

मी म्हटलं, "पावट्याची आमटी अजून आहे का?"

नयनाने मला कोपर मारलं.

कमलक्का उठल्या त्या अशा उठल्या की जणू कुणीतरी दारावरून हाक मारली होती. पातेलंच घेऊन आल्या. आमटी, भात, भाजी, पुरणाची पोळी, वर तूप. पोळी तर आतापर्यंत कुणाला वाढलीच नव्हती. आणि मग त्यांनी स्वतःसाठी एक पान घेतलं, माझ्या शेजारी मांडलं आणि जेवायला बसल्या.

"तू कुठली म्हणालीस गे?"

"इचलकरंजीची."

"तुझं घर मोठं होतं काय?"

"नाही. का?"

"मागतीस न लाजता, म्हणून."

मी पत्रकं, कामगार, घरात कायम जेवायला बसणारे अनोळखी लोक, हे सगळं सांगितलं. त्या ऐकत जेवत होत्या. बाकीचे तिघं रिकाम्या पानासमोर बसून होते. पोळी त्यांनाही हवी होती, ते दिसत होतं. पण आता मागायचं कसं, आपण तर पोटभर म्हणालो. नयनाने शेवटी माझ्या पानातली अर्धी पोळी उचलली.

निघताना फाटकाबाहेर पुण्याचा गृहस्थ बायकोला हळूच म्हणाला, "चल, कुठेतरी दोसा खाऊ." बाईंनी चालता चालताच फोन काढला आणि तारे भरायला घेतले.

बनशंकरी, बुधवार

कमलक्कांनी मला बुधवारी ये म्हणून सांगितलं होतं. "कंपनीचं नाही. तसंच ये." मी गेले. आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून पावटे सोलले. भिजवलेला दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, डाळिंबी उडून परातीत पडते. मला जमत नव्हतं, माझ्या डाळिंब्या भिंतीवर जात होत्या.

मी विचारलं, "रविवारी एवढं कमी का वाढलंत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांच्या घरात पहिलं वाढप अर्धं असतं. त्यांच्या सासूच्या घरात होतं, सासूच्या सासूच्या घरात होतं. पाव्हण्याला अर्धं वाढायचं आणि समोर बसायचं. तो मागेल तेव्हा सगळं पुढे आणायचं, गोडसुद्धा तेव्हाच. ज्याने मागितलं त्याच्या शेजारी बसून घरच्या बाईने जेवायचं. कुणी मागितलं नाही, तर सगळे गेल्यावर एकटीने.

"परक्या गावात आलेल्या माणसास मागायला लाज वाटते," त्या म्हणाल्या. "आमचे लोक आले तेव्हा त्यांसही वाटली असेल, भाषा येत नव्हती. ती लाज जेवणात मोडायची. एकदा मागितलं की तो पाव्हणा राहत नाही."

"आणि आता मागतात?"

"एकदा एक म्हातारे मागून गेले, सोलापूरचे. मग तू." त्यांनी परात हलवली. "मला वाटलं माझ्या हाताची चव गेली. तिखट कमी केलं. मग तूप बदललं. मग मसाला दुसऱ्या दुकानातला आणला. तरी मागत नाहीत."

दुपारी त्यांचा मुलगा माधव आला. तो के. आर. पुरमला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, बायको कन्नड घरातली, दोघंही नोकरी करतात. त्याने कंपनीकडून आलेलं सगळं मला फोनवर दाखवलं. इंग्रजीत, एकाखाली एक: बाई गोड आहेत, घर स्वच्छ आहे, जेवण चवदार आहे, पण फार कमी देतात. आम्हाला नंतर बाहेर जेवावं लागलं. कंजूष. पुण्याच्या बाईंचंही होतं. त्यांनी लिहिलं होतं की काही पाहुण्यांना जास्त वाढतात, आम्हाला नाही.

"अम्मा, मी किती वेळा सांगितलं," माधव म्हणाला. "स्वल्प ज्यास्ती वाढ की. पैल्यांदाच."

"पैल्यांदाच सगळं वाढलं तर मागायचं काय?"

"मागायचं कशाला?"

"मग मी बसायचं कशाला समोर? पानं मांडून ठेवते, कुलूप घालून जाते."

तो माझ्याकडे वळला. भांडखोर माणूस नव्हता तो. आईची दमणूक त्याला दिसत होती. त्याने मला सरळ सांगितलं. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी बांधलं, आता या जागेसाठी बिल्डर मागे लागला आहे. वडील गेल्यापासून आई इथे एकटी. आई म्हणते, रविवारी माणसं येतात तोवर मी हलणार नाही. त्याने ते मान्य केलं आहे. पण तारे आणखी खाली गेले की कंपनी घराचं नाव काढून टाकणार, तसं त्यांनी कळवलं आहे. मग रविवारी कुणी येणार नाही. मग आई के. आर. पुरमला, अकराव्या मजल्यावर, आणि हे घर बिल्डरला.

"तिथे काय वाईट हाय?" तो म्हणाला. "लिफ्ट हाय. बाग हाय."

कमलक्का म्हणाल्या, "वाईट काही नाही. तिथे मराठी कुणास येत नाही, आणि जेवायला कुणी येत नाही. एवढंच."

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि तो मला उपयोगी वाटत आला आहे. मी म्हटलं, मी त्या कंपनीत जाते.

"जा," माधव म्हणाला. "फोन कुणी उचलत नाही. तू जाऊन बघ."

पुन्हा इंदिरानगर, गुरुवार

कंपनीचं ऑफिस नयनाच्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं. काचेचं दार, आत कुंडीतली झाडं, भिंतीवर मोठ्या अक्षरांत आठवणींबद्दलचं एक वाक्य. मी भांडायची तयारी करून गेले होते. समोर आली ती श्रेया नावाची मुलगी, माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं. घरांचं काम ती बघायची. आम्ही हिंदीत बोललो, तिची कन्नड वळणाची आणि माझी मराठी.

मी सगळं सांगितलं. अर्धं वाढप, मागणं, शेजारी जेवणं. मी म्हटलं, तुम्ही आठवण विकता आणि आठवण होते कशाने हेच तुम्हाला माहीत नाही. तुमच्या पाहुण्यांना कुणी काही विचारत नाही, फक्त शेवटी तारे विचारता. ज्याचं तोंड बंद ठेवलंय त्याच्या बोटाला मताचा हक्क दिलाय. आणि ज्या बाईला मत पडतं तिला ते कुणी दिलं हेसुद्धा कळत नाही.

तिने ऐकून घेतलं. मधे एकदा कॉफी मागवली. मग म्हणाली, "हे तर सुंदर आहे."

मला वाटलं, जिंकले.

"हे आम्हाला माहीतच नव्हतं. हे आपण सांगितलंच पाहिजे. ह्याच्यावरच सगळं उभं करता येईल." तिने वहीत काहीतरी खरडलं. "प्रत्येक पानापाशी एक कार्ड ठेवू. आमच्या घरात मागून जेवतात, मागा. तीन भाषांत. ॲपवरही टाकू."

मी म्हटलं, "कार्डावर वाचून मागितलं तर ते मागणं झालं का?"

"मग काय करायचं सांग. लोकांना कळणार कसं?"

न कळणाऱ्याला छापून कळवायचं, यापलीकडे मला कुणी काही शिकवलेलं नाही. मराठी मजकूर तिने माझ्याकडूनच तपासून घेतला. मी एक अनुस्वार दुरुस्त केला.

मी सांगते, ती मुलगी वाईट नव्हती. वाईट माणूस सापडला असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

बनशंकरी, दुसरा रविवार

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. सकाळपासून कमलक्कांना मदत केली. नारळ खवला, पोळ्यांचं पुरण वाटलं. कार्डं शनिवारीच आली होती, जाड कागदाची, केळीच्या पानाच्या आकाराची. कमलक्कांनी एक उचलून चष्म्यातून वाचलं आणि परत ठेवलं.

"अक्षर चांगलं हाय," म्हणाल्या.

त्या दिवशी एकाच ऑफिसातले सहाजण आले. हसतमुख पोरंपोरी, कुणी हैदराबादचा, कुणी नागपूरची, कुणी इथलाच. पाय धुतले, बसले. एकीने कार्ड मोठ्याने वाचलं आणि सगळे म्हणाले, वॉव.

कमलक्कांनी अर्धं वाढलं आणि पाटावर बसल्या. त्यांनी पहिल्याला गाव विचारलं. त्याने सांगायच्या आधीच दुसरा म्हणाला, "थांब थांब, मला मागू दे आधी, तू रेकॉर्ड कर." त्याच्या पानात भाजी तशीच होती. तो फोनकडे बघून म्हणाला, "अक्का, सम मोर प्लीज." सगळे हसले. कमलक्का उठल्या, वाढलं.

मग प्रत्येकाने मागितलं. एकेकाने, फोनकडे बघत. एकाचं रेकॉर्डिंग नीट आलं नाही म्हणून त्याने दोनदा मागितलं. नागपूरची मुलगी म्हणाली, "अक्का, मला मराठीत मागू द्या ना," आणि तिने नाटकातल्यासारखे हात जोडून मागितलं. कमलक्का पातेलं घेऊन फिरत राहिल्या. आमटी पानावरून वाहून चटईवर आली. भाताचे ढीग झाले. कोपऱ्यात बसलेल्या एका मुलाला खरंच भूक होती असं मला वाटलं. तो खाली मान घालून जेवत होता आणि मधेच त्याने नुसता हात पुढे केला. कमलक्कांच्या ते ध्यानात आलं नसावं, त्या दुसऱ्या टोकाला पोळी वाढत होत्या.

शेजारी बसायचं कुणाच्या? त्यांनी एक पान काढून हातात धरलं होतं. थोडा वेळ तसंच धरून उभ्या राहिल्या, मग ते परत बाजूला ठेवलं.

पोरं फार खूश होऊन गेली. जाताना एकीने त्यांना मिठी मारली. ती मिठी खोटी नव्हती. पानांवर इतकं उरलं होतं की ते टाकायला दोन बादल्या लागल्या. कमलक्कांनी त्या दिवशी दुपारी काही खाल्लं नाही. मी दोनदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "भूक नाही गे."

संध्याकाळी माधवचा फोन आला. सहाच्या सहा जणांनी पूर्ण तारे दिले होते. एकाने चित्रफीत टाकली होती, ती खूप लोक बघत होते. श्रेयाने स्वतः फोन करून अभिनंदन केलं होतं, पुढचे रविवार भरत चालले होते. घर वाचलं होतं. माधवचा आवाज इतका मोठा होता की मला फोनबाहेरून ऐकू येत होता.

कमलक्का म्हणाल्या, "माधवा, कंपनीस सांग, आता नको."

"काय नको?"

"माणसं नको."

आणि त्यांनी फोन ठेवला.

बनशंकरी, सोमवार

मी त्यांना समजावायला गेले. मला वाटत होतं की ही हार आहे आणि हार मान्य करायची नसते. मी म्हटलं, कार्डं काढून टाकू. कंपनी सोडू, आपणच लोकांना बोलावू. मी लिहीन, माणसं येतील, मागणारी येतील.

"कळेल कसं?"

"काय?"

"भूक हाय की खेळ हाय." त्या कढीपत्ता तोडत होत्या, मला देण्यासाठी. "काल त्या पोराने हात पुढे केला. मी बघितलं. मला वाटलं, हा पण तेच करतोय. मी गेले नाही त्याच्याकडे. मागाहून पानं उचलताना कळलं, एकट्या त्याचंच रिकामं होतं, ते पोर उपाशी होतं. माझ्या घरात हात पुढे केला आणि मी गेले नाही."

"ते तुमच्यामुळे नाही झालं."

"सरी. पण झालं."

मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी कढीपत्त्याची जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाल्या, "तू चांगल्यासाठीच केलंस. गाडी किती वाजता?"

परत आल्यावर

त्या आता के. आर. पुरमला आहेत. घराच्या जागी पत्रे ठोकले आहेत, असं नयना एकदा त्या बाजूला गेली होती तेव्हा बघून आली. मी अधूनमधून फोन करते. खिडकीतून रेल्वे दिसते म्हणाल्या, लोक पुलावरून घाईने जातात म्हणाल्या. सून चांगली आहे. सकाळी ऑफिसला निघताना सासूचं ताट भरून झाकून ठेवते. भात, भाजी, सारू म्हणजे पातळ सार, पापड, सगळं एकदम. काही कमी पडायला नको म्हणून.

मी विचारलं, "पोटभर असतं का?"

"त्याहून ज्यास्ती असतं."

"मग तुम्ही काय म्हणता तिला?"

"काय म्हणणार? ती असते कुठे समोर?"

बेंगळुरूबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी झाडं सांगते, लिंबाचे दिवे सांगते, पावट्याची आमटी सांगते, आणि सांगताना कळतं की मीही आता तेच करते आहे, त्या बाईला वजा करून बाकीचं देते आहे. म्हणून हे लिहिलं. यात तिचं नाव आहे. याने तिचं घर परत येणार नाही, आणि तिची बोली कळणारं कुणी त्या अकराव्या मजल्यावर जाणार नाही. पत्रकाने जग बदलतं असं मी लहानपणी मानत होते. माझ्या एका कार्डाने काय केलं ते तुम्ही वाचलंत.

आणि आता मी तुमच्याकडे काही मागणार आहे, म्हणजे हेही कार्डच झालं, हे मला कळतं. हे वाचून कुणाच्या घरी जाऊन मागू नका. गंमत म्हणून मागू नका, माझ्यासाठी मागू नका. एवढंच करा: तुम्ही परक्या गावात कुणाच्या घरी जेवायला बसलात, वाढणारं माणूस समोर बसलेलं आहे, तुमच्या तोंडाकडे बघतं आहे, आणि तुमची भूक अजून राहिली आहे, तर त्याला 'पुरे' म्हणू नका.